‘काली’ला शिलालेख आणि मांडीवरच्या कुत्र्याला हशा

(दीर्घ धागा)

१/
मांडीवर बसलेले गुबगुबीत कुत्रे, त्याच्या गळ्यात रेशमी फीत आणि त्याला आपल्या हाताने बिस्किट भरवणारी श्रीमंत बाई. कथा, नाटके आणि चित्रपट यांतून हे चित्र इतक्या वेळा आले आहे की ते दिसताच वाचक कोणी न सांगता हसतो. हे हसू मात्र निरागस नाही. त्याला काही शतकांचा इतिहास आहे. तो नीट तपासायचा, तर सुरुवात लंडन-पॅरिसच्या दिवाणखान्यांपासून नव्हे, लातूर आणि कंधारचे नाव मिरवणाऱ्या एका राजघराण्याच्या काळापासून करावी लागते.

२/
इ.स. ९४९-५० चा सुमार. तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा आणि त्याचा गंग मांडलिक बूतुग दुसरा यांनी चोळांचा पराभव केला. बूतुगाचा एक योद्धा मणलेर याने त्या युद्धात पराक्रम गाजवला. प्रसन्न झालेल्या धन्याने ‘हवे ते माग’ म्हटले. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने एक कुत्रा मागितला. त्या शिकारी कुत्र्याचे नाव होते ‘काली’.

३/
पुढे बेळतूरजवळच्या टेकडीवर कालीला एका मोठ्या रानडुकरावर सोडले गेले. झुंजीत दोघेही मेले. मणलेराने आतकूर गावात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात, देवळासमोर कालीच्या स्मरणार्थ शिळा उभारली. तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल, अशी ताकीदही कोरून ठेवली. हा जुन्या कानडीतील लेख बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या लढाईचा तो एक महत्त्वाचा पुरावा मानला जातो. एका कुत्र्याच्या निमित्ताने एका साम्राज्याचा इतिहास टिकला.

४/
या लेखाशी मराठवाड्याचा संबंध काय? राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर नगरीचे स्वामी, म्हणवीत. बहुसंख्य इतिहासकार हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारही राष्ट्रकूटांचे महत्त्वाचे नगर होते. तेथील जगत्तुंग सागर हा तलाव आजही त्या काळाची आठवण देतो आणि कंधारच्या किल्ल्याचा आरंभ परंपरा कृष्ण तिसऱ्याकडेच नेते. कालीची शिळा उभी राहिली ती अशा घराण्याच्या सत्तेखाली.

५/
आता एक साधा प्रश्न. रणांगणावरील पराक्रमाचे बक्षीस म्हणून कुत्रा मागणारा, त्याच्या मृत्यूनंतर शिळा उभारणारा आणि नित्य पूजेसाठी जमीन देणारा मणलेर हा ‘कुत्र्यावर जीव टाकणारा मालक’ नव्हता काय? तो होताच, आणि कोणत्याही कादंबरीतल्या बाईपेक्षा काकणभर अधिकच होता. तरीही त्याच्यावर कोणी हसले नाही. कारण त्याचे कुत्रे डुकराशी लढून मेले आणि तो स्वतः पुरुष होता, शस्त्रधारी होता. त्याच्या मायेला ‘शौर्याची कदर’ हे नाव मिळाले.

६/
दुसरे उदाहरण संतपरंपरेचे. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान असल्याची परंपरा आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ‘देवा, कोरडी कशी खाशील’ या काळजीने तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव घराघरांत सांगितले जातात. ही कथा ऐकून लहान मुलेसुद्धा हात जोडतात. कुत्र्याला स्वतःच्या हाताने तूप भरवू पाहणारा माणूस येथे वेडा ठरत नाही, भक्त ठरतो. तसे ठरावे हे योग्यच आहे.

७/
तिसरे उदाहरण स्त्रीचे, आणि तेही मराठवाड्याच्याच मातीतले. वेरूळजवळच्या देवगाव (रंगारी) येथे जन्मलेल्या १७ व्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात एका वासराची हकिकत सांगितली आहे. कोल्हापूरच्या मुक्कामात एका कपिला गाईच्या वासराला बालवयीन बहिणाबाईंचा इतका लळा लागला की ते त्यांच्यामागे कथा-कीर्तनालाही जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दीमुळे वासराला बाहेर काढले, तेव्हा ते हंबरू लागले. स्वामींनी त्याला आत आणवले आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.

८/
ही वार्ता गावभर झाली आणि पतीच्या कानी गेली. पतीने बहिणाबाईंना अमानुष मारहाण केली, बांधून घातले. गाय आणि वासरू यांनी चारा-पाणी सोडले. काही दिवसांत वासरू मेले आणि बहिणाबाईंची शुद्ध हरपली. पुढे याच दुःखाच्या काळात त्यांना तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. मारहाणीचा भाग मात्र सांगताना भराभर उरकला जातो.

९/
तीन माणसे आणि तीन मुकी जनावरे. माया एकच, निवाडे मात्र तीन. योद्ध्याच्या मायेला शिलालेख मिळाला, संताच्या मायेला वंदन मिळाले आणि विवाहित मुलीच्या मायेला मार मिळाला. मांडीवरच्या कुत्र्याचा विनोद या तिसऱ्या निवाड्याचा सौम्य, सुशिक्षित अवतार आहे. त्यात हातातली काठी टाकून दिली आहे आणि तिच्या जागी हशा घेतला आहे. स्त्रीने कोणावर किती जीव लावावा, हे ठरवण्याचा अधिकार मात्र जिथल्या तिथे राहिला आहे.

१०/
मग कुत्रे आणि बाई यांची जोडी कथेत आली कोठून? बाईविना असलेले लाडके कुत्रे फार जुने आहे. इसापाच्या संग्रहातील गाढव धन्याच्या मांडीवर बसणाऱ्या कुत्र्याचा हेवा करते, त्याच्यासारखी लाडीगोडी करू जाते आणि मार खाते. इसाप मराठी मुद्रित गद्यात लवकरच आला. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या ‘इसापनीतिकथा’ १८२८ च्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या कथेत कुत्र्याचे लाड करणारा धनी पुरुष आहे, आणि त्याची थट्टा नाही. थट्टा गाढवाची आहे.

११/
लाड करणारी व्यक्ती बाई झाली की सूर बदलतो. इंग्लंडातील वैद्य जॉन केयस याने १५७० मध्ये इंग्रजी कुत्र्यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. शिकारी कुत्र्यांचे गुण त्याने आदराने वर्णिले. छोट्या मांडीवरच्या कुत्र्यांपाशी येताच त्याची लेखणी तिखट झाली. या स्त्रिया पोटच्या पोरांपेक्षा कुत्र्यांवर अधिक प्रेम करतात, हा त्याचा आरोप. गंमत अशी की अशा कुत्र्याच्या उबेने पोटदुखी शमते, असेही तोच सांगतो. उपयोग मान्य करूनही दोष बाईचाच.

१२/
त्याच्याही आधी, १४ व्या शतकाच्या अखेरीस, चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक मठकन्या रंगवली. ती आपल्या छोट्या कुत्र्यांना भाजलेले मांस, दूध आणि उंची पांढरा पाव घालते आणि एखादे मेले तर रडते. वाचक हसतो. पण त्याच प्रस्तावनेत शिकारीच्या वेगवान कुत्र्यांवर पैसा उधळणारा एक मठवासी पुरुषही आहे आणि चॉसर त्यालाही सोडत नाही. चॉसरची तराजू निदान समतोल होती. नंतरच्या लेखकांनी तिचे एकच पारडे उचलले.

१३/
१८ व्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर पोपने ‘द रेप ऑफ द लॉक’ लिहिले. त्यातील बेलिंडाच्या लाडक्या कुत्र्याचे नाव शॉक. नवरा मेल्यावर आणि मांडीवरचे कुत्रे मेल्यावर स्त्रिया सारख्याच किंकाळ्या फोडतात, असा टोमणा पोप मारतो. हा टोमणा पुढे असंख्य लेखणींनी उसना घेतला. त्या काळी उमराव घराण्यातील मुलींची लग्ने जमीन आणि हुंडा यांच्या हिशेबाने ठरत. अशा नवऱ्यापेक्षा कुत्रे जवळचे का वाटले असेल, हा प्रश्न या विनोदाने कधीच विचारला नाही.

१४/
जेन ऑस्टिनची ‘मॅन्सफिल्ड पार्क’ १८१४ ची. त्यातील लेडी बर्ट्रम सोफ्यावर पडून असते आणि तिला मुलांपेक्षा आपल्या पगची काळजी अधिक. दोनशे वर्षे वाचक तिच्यावर हसत आले. त्याच कादंबरीत तिचा पती सर थॉमस अँटिग्वा बेटावरील मालमत्ता सांभाळायला जातो. अँटिग्वा म्हणजे उसाचे मळे आणि मळे म्हणजे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. घराचा सारा डौल कोणाच्या पाठीवर उभा आहे, याकडे दुर्लक्ष करून सोफ्यावरच्या पगला हसणे किती सोयीचे! मांडीवरचे कुत्रे अशा वेळी पडद्याचे काम करते.

१५/
पडदा बाजूला सारला की काय दिसते, याचे उत्तम उदाहरण कादंबरीत नसून इतिहासात आहे. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि नंतर तो जाळण्यात आला. तेथे सापडलेले एक इवलेसे पेकिनीज कुत्रे कॅप्टन डन याने इंग्लंडात नेऊन राणी व्हिक्टोरियाला दिले. त्याचे नाव ठेवले ‘लूटी’. हिंदुस्थानातील ‘लूट’ हा शब्द इंग्रजीने आधीच लुटला होता, तोच कुत्र्याच्या गळ्यात पडला. राजवाडा जाळणारे सेनानी ठरले आणि चेष्टा वाट्याला आली ती पेकिनीज पाळणाऱ्या बायांच्या.

१६/
हे चित्र हिंदुस्थानात मडमेच्या रूपाने उतरले. पुढे मडमेची जागा शहरी श्रीमंत बाईने घेतली आणि हिंदी चित्रपटांनी तिच्या कडेवर पांढरे केसाळ कुत्रे ठेवले की पात्रपरिचय पूर्ण होऊ लागला: गर्विष्ठ, निष्क्रिय, निर्दय. मराठीत पु. ल. देशपांडे यांचे ‘पाळीव प्राणी’ प्रसिद्ध आहे. तेथे रोख मुख्यतः पाहुण्याच्या फजितीवर आणि मालकांच्या बढाईवर आहे आणि पुरुष मालकही सुटत नाहीत. पुलंच्या विनोदाचा आधार घेऊन बायकांची टर उडवणाऱ्यांनी तो लेख पुन्हा वाचावा.

१७/
पडद्यावर कुत्र्याला सन्मान मिळतो तो कधी, हेही पाहण्यासारखे आहे. ‘तेरी मेहेरबानियाँ’ (१९८५) मधला मोती धन्याच्या खुनाचा सूड घेतो. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला छोटा पांढरा टफी चिठ्ठी योग्य हाती पोहोचवून कथेचा पेच सोडवतो. म्हणजे कुत्र्याने सूड घ्यावा किंवा निरोप पोहोचवावा, मग ते ‘घरचा सदस्य’. नुसते मांडीवर बसले तर ते ‘चोचले’. कुत्र्यालासुद्धा आपले प्रेम कामातून सिद्ध करावे लागते.

१८/
रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्याचा वाद याच नियमाने अधिक स्पष्ट होतो. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याला समकालीन साधनांत आधार नाही, असे अभ्यासक सांगत आले आहेत. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’शी त्याची कीर्ती जोडली जाते. पुतळा १९३६ च्या सुमाराचा. तो २०१२ मध्ये हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी नव्याने झाली. पुतळा असावा की नसावा, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा हा की कथेतल्या एकनिष्ठ कुत्र्याला दगडी चौथरा मिळतो आणि तो लाभतो धन्यासाठी जीव दिल्यावर.

१९/
आता या मांडणीवरचे आक्षेप पाहू. पहिला आणि सर्वांत गंभीर: माणसे उपाशी असताना कुत्र्याला मलई घालणे हा अन्याय आहे. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यात हा आक्षेप कोणी हलक्याने घेऊ नये. विषमतेवरचा राग न्याय्य आहे. पण तो राग नेमका कुत्र्यावरच का निघतो? त्याच घरातील मोटार, शिकारीची बंदूक, शर्यतीचे घोडे आणि लग्नातील उधळपट्टी यांवर तितका विनोद का होत नाही? पुरुषाचा खर्च ‘शौक’ आणि बाईचा खर्च ‘थेर’, हा अर्थशास्त्राचा नियम नव्हे.

२०/
वर्गाचा प्रश्न खरोखर कसा मांडावा, हे तुर्गेनेव्हने १८५४ च्या ‘मुमू’ या कथेत दाखवले. गेरासिम हा मुका भूदास. तो बुडत्या पिलाला वाचवून वाढवतो, तेच त्याचे एकमेव सुख. मालकिणीच्या लहरीखातर त्याला त्या कुत्रीला स्वतःच्या हाताने बुडवावे लागते. येथे सत्ताधारी स्त्री आहे आणि तुर्गेनेव्ह तिला सोडत नाही. पण तो तिच्या लाडांवर हसत नाही. गरिबाचा जीव लावण्याचा हक्क कसा हिरावला जातो, हे तो दाखवतो. विषमता हीच आहे. कुत्र्याच्या रेशमी फितीत ती शोधणारे तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

२१/
दुसरा आक्षेप: पुरुषांवरही हसले गेले आहे. जुनागढचा नवाब महाबतखान आणि त्याची कुत्री यांच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. १९४७ मध्ये तो कराचीला पळाला तेव्हा विमानात कुत्री भरली, ही हकिकत व्ही. पी. मेनन यांनी नोंदवली. नवाबाचे राजकारण निषेधार्हच होते. पण गीरच्या सिंहांना जुनागढच्या नवाबांनी दिलेले संरक्षण लोकांच्या तोंडी राहिले नाही, कुत्री राहिली. पुरुषाला राज्यास नालायक ठरवायचे असेल, तर त्याच्याही मांडीवर कुत्रे बसवले जाते. आक्षेपाने नियम मोडत नाही. उलट या विनोदात ‘बायकीपणा’ हीच शिवी आहे, हे उघड होते.

२२/
तिसरा आक्षेप उपयोगाचा. शिकारी कुत्रा राबतो, राखणदार कुत्रा जागतो, मांडीवरचे कुत्रे काय करते? याचे उत्तर मराठवाड्यातील पोळ्यात आहे. लालकंधारी ही कंधारची आणि देवणी ही लातूरची, दोन्ही नामांकित गोवंश. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळीचा घास भरवायचा. बैलाच्या गळ्यात पडून रडणारा शेतकरी साहित्यात आदराने येतो. यावयासच हवा.

२३/
तो आदर केवळ बैलाच्या कष्टांचा आहे काय? म्हातारा, औताला न चालणारा बैलही पोळ्याला सजतो, त्यालाही घास मिळतो. काम संपल्यावरही माया संपत नाही, हेच त्या सणाचे मोठेपण. शेतकऱ्याची ‘निरुपयोगी’ माया संस्कृती ठरत असेल, तर बाईची तशीच माया विकृती कशी ठरते? बाईकडून समाजाला हवी असते ती कामाची माया: मुलांची, सासू-सासऱ्यांची, आजाऱ्याची. कोणाच्याही कामी न येणारा, केवळ तिच्या स्वतःच्या आनंदाचा लळा त्याला खुपतो.

२४/
कुत्र्याला मान देण्याची वेगळी रीत शोधायला दूर जावे लागत नाही. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो आणि अश्व-श्वान प्रदर्शनही होते. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला स्थान आहे. त्याचे वाघे स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेत आणि लाकडी कोटंब्यात वाढलेले अन्न कुत्र्याप्रमाणे भुंकत, तोंड लावून खात, असा विधी अभ्यासकांनी नोंदवला आहे. तेथे कुत्रे होणे हा अपमान नाही. तो देवाच्या दारी मिळालेला हक्क आहे.

२५/
माहूरच्या दत्तशिखरावर पूजिल्या जाणाऱ्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. परंपरा त्यांना चार वेद मानते. कंधारला क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष सापडले आहेत. क्षेत्रपाल हा भैरवाच्या परिवारातला आणि भैरवाचे वाहन श्वान. याच भूमीची दुसरी बाजूही आहे. मनुस्मृतीने कुत्री आणि गाढवे हे चांडाळाचे धन ठरवले. कुत्र्याची घृणा आणि माणसाची घृणा तेथे एकत्र नांदल्या. कुत्र्यावरून कोणाला हिणवायचे, हा खेळ त्यामुळे येथे नवा नाही, फक्त लक्ष्य बदलत गेले.

२६/
आज हा खेळ मोबाईलच्या पडद्यावर चालतो. एका बाजूला कारवान कुत्र्याचे चित्र आणि ‘मर्दांचा साथी’, दुसऱ्या बाजूला पग आणि ‘मॅडमचा बाळ’. कारवान ही दख्खनची अभिमानास्पद जात आहे आणि चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव तिच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. तिला खरी गरज आहे ती नोंदणी, शास्त्रशुद्ध पैदास आणि पाळणाऱ्याच्या हाती रास्त दाम यांची. पगला बायकी म्हटल्याने जानवळच्या एकाही पिलाचे भले होत नाही.

२७/
पगविषयी गंभीर बोलण्यासारखे बरेच आहे. २००३ मध्ये हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला आणि देशभर पगची मागणी वाढली. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला मुळातच श्वास घ्यायला त्रास होतो. मराठवाड्यातील चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात तो त्रास जिवावर बेततो. असे शरीर माणसाने घडवले आणि बाजाराने विकले. मग विनोदाच्या निशाण्यावर पैदासकार, विक्रेता आणि जाहिरातदार का नाहीत? अखेर रात्रभर पंख्याखाली ओला कपडा घेऊन बसणारीच हास्यास्पद ठरते.

२८/
साहित्याला वेगळे पाहता येतच नाही, असे मुळीच नाही. चेखवच्या ‘कुत्रेवाली बाई’ (१८९९) मध्ये याल्टातील पांढरा पॉमेरियन ओळखीचे निमित्त होतो. कथेच्या आरंभी त्या बाईकडे गंमत म्हणून पाहणारा पुरुष अखेरीस स्वतःच बदललेला असतो. व्हर्जिनिया वुल्फने ‘फ्लश’ (१९३३) मध्ये कवयित्री एलिझाबेथ बॅरेटच्या स्पॅनियलचे चरित्र लिहिले. फ्लश प्रत्यक्षात तीन वेळा चोरला गेला. खंडणी देऊ नये असे वडील आणि भावी पती दोघेही बजावत असताना ती आजारी स्त्री स्वतः लंडनच्या बदनाम वस्तीत जाऊन त्याच्या सुटकेसाठी उभी राहिली. पुढे काही दिवसांतच, १८४६ मध्ये, तिने वडिलांचे घरही सोडले.

२९/
मांडीवरच्या कुत्र्यावर जीव लावणारी बाई भित्री, आळशी आणि निर्बुद्ध असते, हे गृहीतक या एका प्रसंगाने कोसळते. तिच्या धैर्याचा आरंभ कुत्र्यासाठी उंबरठा ओलांडण्यापासून झाला. मणलेराने धन्याकडे हक्काने काली मागितला, एलिझाबेथने चोरांकडून फ्लश परत मिळवला. एकाला राजाची कृपा होती, दुसरीला घरच्यांचा विरोध. तुलनाच करायची तर शिळा कोणाची मोठी असायला हवी, याचा निर्णय वाचकांनी करावा.

३०/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकाने म्हणून अशा प्रत्येक विनोदाला तीन प्रश्न विचारावेत. हसू कोणावर आहे, प्राण्यावर की प्राणी सांभाळणाऱ्या व्यक्तीवर? तीच कृती पुरुषाने, संताने वा योद्ध्याने केली असती तर तिला काय नाव मिळाले असते? आणि या हशाच्या आड घरातील कोणता मळा, कोणती लूट, कोणता बाजार लपला आहे? साधनचिकित्सा केवळ बखरी आणि ताम्रपट यांच्यासाठी नसते, विनोदासाठीही असते.

३१/
लट्टलूरचे नाव मिरवणाऱ्यांच्या राज्यात एका कुत्र्यासाठी शिळा उभी राहिली, याचा लातूरकरांनी जरूर अभिमान बाळगावा. त्याच अभिमानाने देवगावच्या त्या मुलीचे वासरूही लक्षात ठेवावे. त्याची शिळा कोणी उभारली नाही. जे उरले ते तिने स्वतः आपल्या शब्दांत लिहून ठेवले, म्हणून उरले.

(समाप्त)